दादासाहेब फाळके आणि रुप्याचे मीठ

इ. स. १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये दोन मल्लांची कुस्ती झाली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा नावाच्या छायाचित्रकाराने ती चलच्चित्रणाच्या यंत्राने टिपून घेतली. कुस्ती मुंबईची, मल्ल येथलेच, यंत्र चालविणाराही येथलाच. परंतु त्या फितीवर उमटलेले चित्र डोळ्यांना दिसावे म्हणून ती फीत बोटीने लंडनला पाठवावी लागली. पुढे १९१२ साली रामचंद्र गोपाळ तोरणे यांनी ‘पुंडलिक’ नाटकाचे चित्रण केले. त्याचीही फीत लंडनलाच धुतली गेली. चित्र घ्यावयाचे मुंबईत आणि ते उमटावयाचे सातासमुद्रांपलीकडे, असा हा प्रकार होता.

पुढच्याच वर्षी, १९१३ साली, ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट मुंबईत प्रकट झाला. त्याची फीत कोठेही पाठविली गेली नाही. ती दादरच्या एका राहत्या घरात, काळोखात, एका पतिपत्नींनी स्वतःच्या हातांनी धुतली. ते गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ते दादासाहेब फाळके या नावाने सर्वांना ठाऊक आहेत. त्यांची कल्पकता, त्यांचे धाडस, त्यांनी घेतलेली कर्जे यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. पण त्यांच्या हाती एक विद्याही होती. ती त्यांनी चित्रपटाच्या वीस वर्षे आधी संपादन केली होती. तिच्या मुळाशी रुप्याचे एक मीठ होते.

धुंडिराजांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळ त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित होते. आपल्या मुलाने शास्त्रीपण चालवावे अशी त्यांची स्वाभाविक इच्छा असावी. पण मुलाचा ओढा चित्रे काढण्याकडे आणि सोंगे सजविण्याकडे होता. वडिलांना मुंबईस संस्कृतच्या अध्यापकाची जागा मिळाली व कुटुंब मुंबईस आले. त्यामुळे १८८५ साली धुंडिराजांना सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत प्रवेश घेता आला. तेथून ते थोरल्या बंधूंबरोबर बडोद्यास गेले आणि १८९० साली कलाभवनात दाखल झाले.

कलाभवन ही संस्था सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने नुकतीच निघाली होती. तिचे प्रमुख प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे स्वतः नाणावलेले रसायनशास्त्रज्ञ होते. रंगारी, सुतार, चितारी यांना त्यांच्या धंद्यातील शास्त्र समजावे, असा त्यांचा आग्रह असे. फाळके तेथे चित्रकला, वास्तुकला, मूर्तिकाम शिकले. त्याच वर्षी त्यांनी छायाचित्रणाचा कॅमेरा मिळविला. या विद्यार्थ्याची हौस व हाताची सफाई पाहून गज्जरांनी कलाभवनातील छायाचित्रणाची खोली व प्रयोगशाळा त्यांना वापरावयास दिली. तसेच त्यांना रतलामला बाबूलाल वरूवाळकर यांच्याकडे तीन रंगांचे ठसे व काळोख्या खोलीतील छपाई शिकण्यास पाठविले.

त्या काळोख्या खोलीत काय चालत असे, हे समजल्यावाचून फाळक्यांचे पुढील आयुष्य नीट समजणार नाही. म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे.

रुपे नायट्रिक आम्लात विरघळविले म्हणजे सिल्व्हर नायट्रेट नावाचा क्षार मिळतो. त्याचे पांढरे खडे पाण्यात सहज विरतात आणि पाणी पहिल्यासारखेच निवळ दिसते. दुसऱ्या भांड्यात आपले रोजचे मीठ विरघळविले तर तेही पाणी निवळच असते. आता या दोन निवळ द्रावणांचा एकमेकांशी संयोग करावा. तत्क्षणी भांड्यातील पाणी दुधासारखे पांढरे होते, नासलेल्या दुधाप्रमाणे त्यात गुठळ्या दिसू लागतात आणि थोड्या वेळाने तळाशी पांढरा साका बसतो. वर निवळी राहते. रसायनशास्त्रात अशा साक्याला अवक्षेप म्हणतात.

हा साका आला कोठून? दोन्ही क्षारांचे दोन दोन भाग असतात. सिल्व्हर नायट्रेटात रुपे व नायट्रेट यांची जोडी, तर मिठात सोडियम व क्लोराइड यांची जोडी. पाण्यात विरल्यावर या जोड्या सुटतात आणि चारही भाग पाण्यात मोकळे हिंडू लागतात. तेव्हा नव्या जोड्या जमण्याचा संभव उत्पन्न होतो. रुप्याची क्लोराइडशी आणि सोडियमची नायट्रेटशी. नायट्रेटे सारी पाण्यात विरतात, म्हणून सोडियम नायट्रेट पाण्यातच राहते, डोळ्यांना दिसत नाही. सिल्व्हर क्लोराइड मात्र पाण्यात जवळजवळ मुळीच विरत नाही. रुपे व क्लोराइड एकदा एकमेकांस चिकटले की पाणी त्यांना पुन्हा सोडवू शकत नाही, आणि ते खाली बसतात. तेव्हा दोन द्रावणे मिसळण्यापूर्वीच काय होईल हे सांगावयाचे असेल, तर चार भाग मांडावे, जोड्या बदलून पाहाव्या आणि नव्या जोड्यांपैकी एखादी पाण्यात न विरणारी आहे काय, एवढेच विचारावे. मिठाच्या पाण्यात सोऱ्याचे पाणी ओतले तर काहीच घडत नाही. कारण तेथे कशाही जोड्या जुळविल्या तरी चारही क्षार विरणारेच आहेत.

या साक्याचा आणखी एक गुण आहे आणि साऱ्या छायाचित्रणाचा पाया तोच होय. त्यावर उजेड पडला की तो काळवंडतो. जोहान हाइनरिख शुल्झ या जर्मन पंडिताने रुप्याचा क्षार उन्हाने काळा पडतो, उष्णतेने नव्हे, हे दाखवून दिले. पुढे इंग्लंडात टॅलबट यांनी कागद आधी मिठाच्या पाण्यात व मग सिल्व्हर नायट्रेटात भिजवून कागदाच्या धाग्यांतच हा साका बसविला आणि त्यावर छायाचित्रे घेतली. मिठाऐवजी ब्रोमाइड वापरले तर मिळणारा फिकट पिवळा साका उजेडाला अधिकच हळवा असतो, हेही कळून आले.

परंतु साका तळाशी बसून गेला तर त्याचा चित्राला काय उपयोग? तो काचेवर सर्वत्र सारखा पसरला पाहिजे. यावर १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने तोड काढली. त्या काळच्या ओल्या काचांच्या पद्धतीत ईथर वापरावे लागे आणि त्याच्या वाफांनी मॅडॉक्स यांची प्रकृती बिघडली होती. त्यांनी जिलेटिन, म्हणजे शुद्ध केलेला सरस, ऊन पाण्यात विरघळवून त्यातच सिल्व्हर नायट्रेट व कॅडमियम ब्रोमाइड एकत्र केले. साका तयार झाला, पण सरसाने त्याचे सूक्ष्म कण जागच्या जागी धरून ठेवले. ते मिश्रण काचेवर पसरून वाळविले की कोरडी काच तयार. हाच लेप पुढे लवचीक फितीवर चढविला गेला आणि चित्रपटाची फीत जन्मास आली.

मॅडॉक्स यांच्या मिश्रणात हिशेब फार सांभाळावा लागतो. कॅडमियमच्या एका अणूबरोबर ब्रोमाइडचे दोन भाग असतात. सिल्व्हर नायट्रेटातील रुप्याला एकच ब्रोमाइड लागते. तेव्हा एका कॅडमियम ब्रोमाइडला सिल्व्हर नायट्रेट दोन घ्यावे लागतात. त्यांपासून दोन सिल्व्हर ब्रोमाइड व एक कॅडमियम नायट्रेट होते. डाव्या बाजूला रुप्याचे दोन अणू, तर उजव्या बाजूलाही दोन; ब्रोमाइड दोन तर दोनच; नायट्रेटही दोनाला दोन. वजनाने पाहिले तरी तेच. ३४० भार सिल्व्हर नायट्रेट व २७२ भार कॅडमियम ब्रोमाइड मिळून ६१२ भार होतात, आणि त्यांतून ३७६ भार सिल्व्हर ब्रोमाइड व २३६ भार कॅडमियम नायट्रेट निघते, म्हणजे पुन्हा ६१२ च. वाण्याच्या खातेवहीत जमा व खर्च जुळावे तसे हे जुळते. पोटॅशियम ब्रोमाइड घेतले तर हिशेब सोपा होतो, एकास एक पुरते. १७० भार सिल्व्हर नायट्रेटाला ११९ भार पोटॅशियम ब्रोमाइड, आणि त्यातून १८८ भार साका व १०१ भार सोरा. हा सोरा विरणारा असल्यामुळे सरसाचे तुकडे थंड पाण्यात धुतले की निघून जातो.

हिशेब चुकला तर काय होते, हे कागदावर पाहण्यापेक्षा काचेवर लवकर दिसते. सिल्व्हर नायट्रेट जास्त पडले आणि त्याला जोडीदार उरला नाही, तर ते मोकळे रुपे उजेड न लागताही काच मलिन करते. चित्र धुक्यातून पाहिल्यासारखे येते. म्हणून जाणते लोक ब्रोमाइड किंचित अधिकच ठेवतात.

ठसे बनविणाऱ्या कारखान्यांत त्या काळी ओल्या काचांची जुनी पद्धतच चालत असे. तेथे साका कारागिराला स्वतःच काचेवर पाडावा लागे. आयोडाइड मिसळलेला चिकट लेप लावलेली काच सिल्व्हर नायट्रेटाच्या पात्रात बुडवावयाची, ती पांढुरकी झाली की ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची आणि वाळण्यापूर्वी धुऊन काढावयाची. असे काम करणाऱ्यांची बोटे काळी पडत आणि साबणाने कितीही धुतली तरी तो डाग निघत नसे. फाळके ज्या धंद्यात शिरले तो हा असा होता.

कलाभवन सोडल्यावर त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रकाराचा व्यवसाय मांडला. तेथे १९०० सालच्या प्लेगने त्यांची पत्नी व मूल दोघांनाही नेले. गोध्रा सोडून ते बडोद्यास परतले आणि पुन्हा कॅमेरा उभा केला. पण कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती ओढून घेतो व त्यामुळे आयुष्य घटते, अशी समजूत लोकांत पसरली होती. गिऱ्हाईक येईना. उजेडाने रुप्याचे मीठ काळवंडते, त्यात माणसाचे काही जात नाही, हे फाळक्यांना पक्के ठाऊक होते. पण लोकांच्या मनातील भीती तेवढ्याने जात नाही. त्यांनी काही दिवस नाटकांचे पडदे रंगविले, जादूचे खेळही शिकले व आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून प्रोफेसर केळफा या नावाने ते करून दाखविले. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. नव्या पत्नीचे नाव सरस्वतीबाई. या बाईंचे नाव पुढे पुन्हा येणार आहे आणि ते विसरून चालणार नाही.

१९०३ साली फाळके पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार व नकाशे काढणारे म्हणून लागले. ती नोकरी सोडून त्यांनी लोणावळ्यास ठशांचा व छपाईचा कारखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी त्यांनी काम केले. कारखाना दादरला आला, भागीदार मिळाला, लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स असे त्याचे नाव झाले, १९०९ साली यंत्रे आणण्यासाठी जर्मनीची वारीही झाली. पुढे भागीदारांत बेबनाव झाला आणि फाळके रिकाम्या हातांनी बाहेर पडले. त्यांचे वय तेव्हा चाळिशी ओलांडत होते.

याच सुमारास त्यांनी मुंबईस ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताचे चमत्कार पाहत असता त्यांना आपले राम-कृष्ण दिसू लागले आणि घरी परतले ते एकच ध्यास घेऊन. त्यानंतर महिनोन् महिने ते मिळेल तो चित्रपट पाहत, त्याविषयी वाचीत, घरी खेळण्यातल्या यंत्रावर प्रयोग करीत. झोप जेमतेम तीन तासांची. अतिश्रमाने डोळे गेले असे वाटण्याची पाळी आली. डॉक्टरांच्या उपचारांनी व चष्म्यांनी दृष्टी परत आली. विम्याची कागदपत्रे गहाण टाकून त्यांनी पैसे उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले.

लंडनमध्ये ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांनी त्यांना आधी या धंद्यातील धोके सांगितले आणि मग मदतही केली. त्यांच्या ओळखीने फाळके सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत गेले. हेपवर्थ यांनी तेथील सर्व विभाग मोकळेपणाने दाखविले. एवढ्या थोड्या दिवसांत नवखा मनुष्य काय शिकणार, असे कोणालाही वाटेल. पण फाळके नवखे नव्हतेच. फीत कशी फिरते हे त्यांना पाहावयाचे होते. तिच्यावरील लेपाचा स्वभाव ते वीस वर्षे ओळखत होते. विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेऊन आणि कच्ची फीत व तिला भोके पाडणारे यंत्र यांची मागणी नोंदवून ते १ एप्रिल १९१२ रोजी परतले.

पैसा लावणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी प्रथम एका कुंडीत वाटाणा पेरला. महिनाभर रोज थोडी थोडी फीत खर्चून कोंब फुटण्यापासून वेल वाढेपर्यंतचे चित्रण केले. पडद्यावर ती वाढ क्षणार्धात होताना पाहून मित्र थक्क झाले. भांडवल मिळू लागले, तरी ते पुरेना. सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले.

‘राजा हरिश्चंद्र’ची जुळवाजुळव दादरला सुरू झाली. हरिश्चंद्राच्या भूमिकेसाठी दत्तात्रय दामोदर दाबके मिळाले. तारामतीसाठी एकही स्त्री पुढे येईना. तेव्हा ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारा साळुंके नावाचा नाजूक अंगलटीचा तरुण तारामती झाला. फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास बनला. बाहेरच्या देखाव्यांसाठी मंडळी वांगणीस गेली असता, ढालतलवारी पाहून गावकऱ्यांना ते दरोडेखोर वाटले आणि पोलीस पाटलाने त्यांना अडकवून ठेवले. फाळके कॅमेऱ्यासह पोहोचले तेव्हा कोठे सुटका झाली.

ही मौज दिवसाची झाली. रात्री घराला दुसरेच रूप येई. कच्ची फीत भोकांवाचून येत असे आणि ती भोके काळोखातच पाडावी लागत. फितीच्या एका फुटावर सोळा चित्रे मावतात. प्रत्येक चित्राला दोन्ही कडांना चार चार भोके, म्हणजे फुटाला १२८. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट होती; तिच्यावर सुमारे ५९ हजार चित्रे व पावणेपाच लाख भोके झाली. टाकाऊ ठरलेली फीत आणि मूळ फितीवरून काढलेली प्रत वेगळीच. हे काम सरस्वतीबाई करीत. दिवसा साऱ्या मंडळींचा स्वयंपाक, उन्हात उजेड फिरविण्यासाठी पांढरी चादर धरून उभे राहणे, आणि रात्री मुले निजल्यावर भोके पाडणे, रसायने मोजून कालविणे, फीत धुणे. पतीकडून ही विद्या शिकून त्यांनी ती इतकी आत्मसात केली की भारतातील चित्रपट धुणाऱ्या पहिल्या कारागिरांत त्यांची गणना करावी लागेल. चित्रपटावर त्यांचे नाव नाही.

कॅमेऱ्यातून निघालेली फीत पाहिली तर तिच्यावर काहीही दिसत नाही. उजेड लागलेल्या आणि न लागलेल्या कणांत डोळ्यांना भेद कळत नाही. ती उद्भावकात, म्हणजे चित्र प्रकट करणाऱ्या रसायनात बुडविली म्हणजे उजेड लागलेल्या कणांतील ब्रोमाइड सुटते आणि शुद्ध रुपे मागे राहते. अत्यंत बारीक असल्यामुळे हे रुपे चकाकत नाही, काळे दिसते. तांबड्या काचेच्या कंदिलाच्या मंद प्रकाशात, पाण्याखाली, हळूहळू एक मुकुट दिसू लागतो, मग एक हात. मात्र पांढरा मुकुट काळा आणि काळे केस पांढरे. न बदललेला साका फितीवर राहू दिला तर बाहेरच्या उजेडात तोही काळा पडून सारे चित्र बुडेल. म्हणून फीत हायपोच्या द्रावणात घालतात. ज्या साक्याला पाणी विरघळवू शकत नाही त्याला हायपो विरघळवितो. त्याचा हा गुण हर्शेल यांनी १८१९ साली शोधून काढला होता. मग पाण्याने पुष्कळ धुणे. या उलट्या चित्रावरून दुसऱ्या फितीवर छापून घेतले की काळ्याचे पांढरे व पांढऱ्याचे काळे होऊन चित्र सुलटे येते.

ही सर्व कामे थंड हवेच्या देशात बेतलेली. मुंबईच्या उकाड्यात पाणी कोमट झाले की सरस फुगतो, मऊ होतो आणि चित्रासकट फितीवरून सरकू पाहतो. लंडनच्या पुस्तकातील मोजमाप येथे जसेच्या तसे चालत नाही. उद्भावक किती वेळ ठेवावा, पाणी केव्हा बदलावे, हे हाताला आणि डोळ्यालाच कळावे लागते. फाळक्यांनी धुलाईसाठी फीत लंडनला पाठविली असती तर हा त्रास वाचला असता. पण बिघडलेले चित्र पुन्हा घेण्यासाठी फार दिवस थांबावे लागले असते आणि तोवर पैसा व नट दोन्ही राहिले नसते. दादरला संध्याकाळी घेतलेले चित्र पहाटे पाहता येई. सुमारे सात महिन्यांत चित्रपट पुरा झाला, त्याचे मर्म येथे आहे.

२१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडवरील ऑलिंपिया नाट्यगृहात निमंत्रितांसाठी आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये सर्वांसाठी ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविला गेला. लोकांनी गर्दी केली. त्याच वर्षी फाळके नाशिकला गेले. तेथे ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’, पुढे ‘लंकादहन’ असे चित्रपट झाले. १९१४ साली ते आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले तेव्हा तेथील मंडळींनी त्यांना राहण्याचा आग्रह केला; पण ते परतले. १९१७ सालच्या ‘लंकादहन’मध्ये राम व सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनीच केल्या. १९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली. ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि ‘कालिया मर्दन’ या चित्रपटांत फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी कृष्ण झाली.

भागीदारांशी पटेना म्हणून ते मध्येच सारे सोडून काशीला गेले, तेथे नाटक लिहिले, आणि १९२२ च्या सुमारास परत कामाला लागले. १९३१ साली चित्रपट बोलू लागला. धंद्याची सूत्रे हळूहळू मोठ्या भांडवलवाल्यांच्या हाती गेली. १९३७ सालचा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. नव्वदांहून अधिक चित्रपट काढणारा हा पुरुष अखेरच्या वर्षांत विपन्नावस्थेत होता. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचा अंत झाला. त्यांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास, १९६९ साली, भारत सरकारने चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च पुरस्कार त्यांच्या नावाने सुरू केला.

त्यांच्या चित्रपटांचे पुढे काय झाले, हे सांगावयास हवे. फितीवरचे काळे चित्र म्हणजे खरेखुरे रुपे. चित्रपट जुना झाला, त्याला कोणी विचारीनासे झाले, की मालकाच्या दृष्टीने त्या डब्यांत विकण्याजोगे एवढेच उरे. फिती जाळून राखेतून किंवा धुऊन काढून ते रुपे परत मिळवीत. धुण्याच्या वापरलेल्या हायपोतही विरघळलेले रुपे असते. त्यात सोडियम सल्फाइड घातले की काळा साका पडतो, गंधकाच्या एका अणूमागे रुप्याचे दोन. तो गाळून, भाजून, वितळवून पुन्हा चांदीची लगड करता येते. रसायनाच्या खातेवहीत येथेही काही कमी पडत नाही; जेवढे रुपे लेपात घातले तेवढे सारे मोजून परत मिळविता येईल. फक्त हरिश्चंद्र, तारामती आणि लंका त्या लगडीत नसतात. भारतात मूकपटांच्या काळात हजाराहून अधिक चित्रपट निघाले. त्यांतले मोजकेच आज शिल्लक आहेत. काही रुप्यासाठी गेले, काही आगीत गेले, काही दमट हवेत कुजून गेले. कारण तेव्हाची फीत नायट्रेटाच्या पायावर केलेली, चटकन पेटणारी व आपोआप विघडणारी होती.

१९६४ साली पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. जुन्या फिती शोधून, त्यांच्या सुरक्षित फितीवर प्रती काढून, थंड व कोरड्या खोल्यांत ठेवण्याचे काम तेथे सुरू झाले. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले व शेवटचे रीळ या संग्रहात जपले गेले. फाळक्यांनी १९१७ साली तोच चित्रपट पुन्हा काढला होता आणि ही रिळे त्या दुसऱ्या प्रयत्नाची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. मधली दोन रिळे मिळालेली नाहीत.

‘कालिया मर्दन’चा मात्र बराच भाग हाती लागला. त्याच्या आरंभी मंदाकिनी एकटीच कॅमेऱ्यासमोर येते. ही मुलगी कोण व ती काय करू शकते हे प्रेक्षकांना आधी कळावे, असा वडिलांचा हेतू होता. ती हसते, रागावते, रडवेली होते, क्षणाक्षणाला तिचा चेहरा पालटतो. मग हळूहळू तिच्या जागी कृष्ण उभा राहतो आणि कथा सुरू होते.